औषधांचे साइड इफेक्ट कळतात तरी कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधशास्त्र शिकवते. वर्गात विचारत नाहीत इतके प्रश्न लोक मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि लग्नाच्या पंगतीत विचारतात. 'ही गोळी बघ गं, घेतली तर काही होणार नाही ना?' इथपासून 'हे साइड इफेक्ट कंपन्यांना आधीच माहीत असतात, मुद्दाम लपवतात' इथपर्यंत. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

औषध बाजारात येण्याआधी सगळं तपासतात ना? मग नवे साइड इफेक्ट मागाहून कुठून निघतात?

तपासतात, पण मोजक्या माणसांवर. पहिल्या टप्प्यात वीस ते शंभर जण, बहुतेक धडधाकट स्वयंसेवक. दुसऱ्यात काहीशे रुग्ण. तिसऱ्यात साधारण हजार ते तीन हजार. आता गणित बघा. एखादा त्रास १०,००० माणसांत एकालाच होत असेल, तर तो चाचणीत एकदा तरी दिसावा याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास ३०,००० लोकांना औषध द्यावं लागेल. उलट बाजूने, ३,००० जणांना गोळी दिली आणि एकालाही काही झालं नाही, तर एवढंच म्हणता येतं की त्या त्रासाचं प्रमाण बहुधा हजारात एकापेक्षा कमी आहे. 'त्रास होतच नाही' असं म्हणायची सोय नसते.

क्लोरॅम्फेनिकॉलचं असंच झालं. १९४९ साली हे अँटिबायोटिक आलं तेव्हा टायफॉइडच्या रुग्णांना देवच भेटला. पुढच्या दोन-तीन वर्षांत काही रुग्णांची अस्थिमज्जा रक्त बनवणंच थांबवते असं दिसू लागलं. प्रमाण साधारण २४ ते ४० हजारांत एक. कुठल्या चाचणीत हे सापडणार होतं?

शिवाय चाचणीत घेतलेली माणसं निवडक असतात. गरोदर बायका नसतात, लहान मुलं नसतात, किडनी अधू असलेले सहसा नसतात. बीपी, शुगर, थायरॉइड आणि गुडघ्याची अशा मिळून सकाळी सात गोळ्या घेणाऱ्या ऐंशीच्या आजीही नसतात. औषध बाजारात आलं की पहिलं गिऱ्हाईक मात्र त्याच असतात. चाचणी काही महिने चालते, आजी गोळी वीस वर्षं घेतात.

प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत कळत नाही का?

बरंच कळतं, आणि कित्येक घातक रसायनं तिथेच बाद होतात. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. थॅलिडोमाइडने उंदरांच्या पिल्लांना फारसं काही होत नाही, सशांच्या पिल्लांत मात्र व्यंगं दिसतात. २००६ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ नावाचं औषध सहा निरोगी तरुणांना दिलं. प्राण्यांना जो डोस सोसला होता त्याचा पाचशेवा भाग. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. सगळे वाचले, पण एकाला बोटं गमवावी लागली. त्या दिवसानंतर नवं औषध एकाच वेळी सगळ्या स्वयंसेवकांना टोचण्याची पद्धत बंद झाली. आधी एकाला देतात, वाट बघतात, मग पुढचा.

मग पहिल्यांदा लक्षात येतं कोणाच्या?

बहुतेक वेळा एखाद्या डॉक्टरच्या, ज्याला एकसारखे दोन-तीन विचित्र रुग्ण लागोपाठ दिसतात.

थॅलिडोमाइडची गोष्ट सगळ्यांनी अर्धी ऐकलेली असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ही झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळू लागली. गरोदरपणातल्या मळमळीवरही ती दिली जाई. मग हातापायांची वाढ खुंटलेली बाळं जन्माला येऊ लागली. खांद्यालाच पंजा, मधला हात नाहीच. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी घरोघरी जाऊन आयांना विचारायला सुरुवात केली. लेखी प्रश्नावलीत कित्येकींनी या गोळीचा उल्लेखच केला नव्हता. समोर बसून विचारल्यावर त्या म्हणाल्या, अहो, ती तर साधी झोपेची गोळी, ती काय लिहायची! लेन्झ यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये कंपनीला कळवलं आणि महिनाअखेरीस औषध जर्मनीतून मागे घेतलं गेलं. डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचं जेमतेम काही ओळींचं पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ही गोळी घेतलेल्या बायकांच्या बाळांत व्यंगं दिसताहेत, आणखी कोणाला असा अनुभव आहे का, एवढीच विचारणा. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं बाधित झाली होती.

अमेरिकेत हे औषध अधिकृतपणे बाजारात आलंच नाही. फ्रान्सिस केल्सी या सरकारी तपासनीस बाईंनी कंपनीचा अर्ज अडवून धरला. त्यांना व्यंगांची कल्पना नव्हती. एका स्कॉटिश डॉक्टरांचं छोटं पत्र त्यांनी वाचलं होतं, की या गोळीने काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात. मोठ्या माणसाच्या नसांना जे बाधतं ते पोटातल्या बाळाला बाधत नाही कशावरून, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर येईना, म्हणून मंजुरी मिळेना.

जाता जाता: हेच मॅकब्राइड पुढे मळमळीच्या दुसऱ्या एका औषधामागे लागले, त्यासाठी त्यांनी संशोधनातले आकडे फिरवले आणि १९९३ साली त्यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. एकदा बरोबर शंका आली म्हणून प्रत्येक वेळी बरोबर येते असं नाही. शंका तपासावीच लागते.

म्हणजे विचित्र काही झालं की पकडलं जातं. साधंसुधं काही झालं तर?

ते निसटतं. या सगळ्या लिखाणात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

खांद्याला पंजा असलेलं बाळ कोणाच्याही नजरेत भरतं. खोकला कोणाच्या नजरेत भरणार? बीपीच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कोरडा, ठसक्यासारखा खोकला येतो. शंभरातल्या पाच-दहा जणांना तरी येतो, काही पाहण्यांत त्याहून कितीतरी जास्त. या जातीची पहिली गोळी १९८० च्या सुमारास आली, आणि इतका सर्रास होणारा हा त्रास नीट ओळखला जायला काही वर्षं गेली. कारण खोकला सगळ्यांनाच होतो. सर्दी, धूळ, 'हवा बदलली', सिगारेट, कारणांना तोटा नाही. आजही असा रुग्ण आधी खोकल्याचं औषध घेतो, मग अँटिबायोटिक, मग छातीचा एक्स-रे, आणि बीपीची गोळी रोज इमानेइतबारे चालूच असते. माझ्या सख्ख्या मामाने आठ महिने असे काढले. भाची औषधशास्त्र शिकवते, पण मामाने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोळी बदलल्यावर दोन आठवड्यांत खोकला गेला.

खोकल्याने जीव जात नाही. रोफेकॉक्सिबचं तसं नव्हतं. सांधेदुखीवरची ही गोळी १९९९ साली आली. तिने हार्ट अटॅकचा धोका वाढत होता. पण सांधे दुखणारी माणसं वयस्कच असतात आणि वयस्क माणसांना हार्ट अटॅक येतातच. पंचाहत्तर वर्षांच्या गृहस्थांना झटका आला तर गोळीवर कोण संशय घेणार? एकेका रुग्णाकडे बघून हे कळण्यासारखं नव्हतं. एका मोठ्या चाचणीत, जी खरं तर आतड्यातल्या गाठींसाठी चालू होती, निम्म्या लोकांना ही गोळी आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी दिली होती. रोफेकॉक्सिबच्या बाजूला ४६ जणांना हृदयाचा किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला, बिनऔषधाच्या बाजूला २६ जणांना. ३० सप्टेंबर २००४ ला गोळी जगभरातून मागे घेतली. विचित्र त्रास एका हुशार डॉक्टरला सापडतो. नेहमीचा त्रास शोधायला दोन गट शेजारी ठेवून मोजणी करावी लागते.

एखाद्याला त्रास झाला म्हणजे तो औषधामुळेच झाला कशावरून?

काही साधे प्रश्न विचारतात. त्रास गोळी सुरू केल्यानंतरच सुरू झाला का? गोळी बंद केल्यावर थांबला का? चुकून पुन्हा घेतली तेव्हा परत झाला का? दुसरं काही कारण आहे का? या औषधाने असं झाल्याचं आधी कोणी नोंदवलंय का? १९८१ पासून वापरात असलेल्या नरांजो मोजपट्टीत असे दहा प्रश्न आहेत. उत्तरांचे गुण मिळवून 'निश्चित', 'संभाव्य', 'शक्य' किंवा 'शंकास्पद' असं ठरवतात. मुद्दाम पुन्हा गोळी देऊन बघणं मात्र धोक्याचं, गंभीर त्रासात तसं कोणी करत नाही. घरीही करू नका.

मनाचाही वाटा असतो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या सोसत नाहीत म्हणून सोडलेल्या ६० जणांना ब्रिटनमधल्या एका अभ्यासात काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनवर जो त्रास होत होता त्यातला सुमारे ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, अंग खरंच दुखत होतं. कारण वेगळं होतं. 'हे तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं म्हणून पेशंटला वाटेला लावणारे डॉक्टर या अभ्यासाचा दाखला देतात तेव्हा मला राग येतो. अभ्यास तसं म्हणत नाही.

'गोळ्या गरम पडल्या' हा साइड इफेक्टच ना?

असू शकतो, पण नक्की कोणता ते या शब्दांतून कळत नाही. 'गरम पडल्या' म्हणजे कोणाच्या तोंडात फोड आलेले असतात, कोणाची छाती जळजळते, कोणाला जुलाब होतात, तर कोणाला लघवी पिवळीधमक दिसते. पहिली तीन अँटिबायोटिकची किंवा पेनकिलरची देणगी असू शकतात. पिवळी लघवी बहुधा सोबत दिलेल्या बी-कॉम्प्लेक्समुळे आणि निरुपद्रवी. टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अश्रूसुद्धा केशरी होतात, तेही निरुपद्रवी. पण टीबीच्याच गोळ्यांवर डोळे पिवळे झाले तर तो यकृताचा मामला, त्याच दिवशी दवाखाना. म्हणून डॉक्टरांकडे 'गरम पडलं' एवढंच सांगून थांबू नका. कुठे, काय, कधीपासून ते सांगा.

'सिग्नल सापडला' असं बातम्यांत येतं, ते काय असतं?

जगभरातून आलेल्या तक्रारी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्रात साठवल्या जातात. थॅलिडोमाइडनंतर, १९६८ साली, जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांना घेऊन हे काम सुरू केलं आणि १९७८ पासून ते उप्सालातून चालतं. तिथल्या साठ्यात आज ३ कोटींहून कितीतरी जास्त नोंदी आहेत. समजा त्या साठ्यात सगळ्या औषधांबद्दलच्या दर शंभर तक्रारींत एक कान वाजण्याची आहे, आणि एका विशिष्ट औषधाबद्दलच्या शंभर तक्रारींत मात्र दहा. कॉम्प्युटर ही तफावत दाखवतो. सिग्नल तो हा. तो आरोप नव्हे, 'इकडे बघा' एवढंच. पुढचं काम माणसांचं: एकेक नोंद वाचायची आणि योगायोग वगळायचे.

भारतात हे काम कोण करतं?

भारत या जागतिक कार्यक्रमात १९९८ साली आला. २००४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात दोनच विभागीय केंद्रं होती, दिल्लीचं एम्स आणि मुंबईचं केईएम. तो कार्यक्रम काही वर्षांत रोडावला. सध्याचा कार्यक्रम जुलै २०१० चा, आणि २०११ पासून त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. देशभरातल्या मेडिकल कॉलेजांत आणि मोठ्या रुग्णालयांत त्याची नोंदणी केंद्रं आहेत. औषधशास्त्र विभागाच्या दाराशी तशी पाटी असते, पण तिथवर कोणी पेशंट फिरकत नाही.

त्यातून काही हाती लागतं का? लागतं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल सूचना काढली. पाळीत पोट दुखलं की घरोघरी घेतली जाते तीच गोळी. ती घेतलेल्या काहींना 'ड्रेस' नावाची गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते: ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, कधी यकृतावर परिणाम. पंचाईत अशी की ही अ‍ॅलर्जी गोळी घेतल्यावर लगेच येत नाही, साधारण दोन ते आठ आठवड्यांनी येते. तोवर गोळी विसरलेली असते. ही सूचना भारतातल्याच नोंदींवरून निघाली. ही अ‍ॅलर्जी दुर्मिळ आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण असा ताप-पुरळ आला तर गेल्या दोन महिन्यांत काय काय घेतलं ते डॉक्टरांना सांगायचं.

डॉक्टर कळवत नाहीत का?

फार थोडे. भारतात डॉक्टरांना ते ऐच्छिक आहे, कंपन्यांना सक्तीचं. बारा देशांतल्या ३७ अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला तेव्हा कळवले न जाणारे दुष्परिणाम साधारण ९४ टक्के निघाले. ओपीडीत दोनशे पेशंट बघून झाल्यावर फॉर्म कोण भरणार, हे खरं. 'माझ्यावरच शेकेल' ही भीतीही खरी, जरी फॉर्मचा वापर कोणावर दोष ठेवण्यासाठी होत नसला तरी.

मी साधा पेशंट. मी कळवू शकतो का?

हो. १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक त्यासाठीच आहे, कामाच्या दिवशी दिवसा चालू असतो. पेशंटसाठी वेगळा सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे. कोणाला, काय झालं, कोणत्या औषधाने झालं असं वाटतं आणि कळवणारा कोण, इतकं हवंच. गोळी सुरू केल्याची आणि त्रास सुरू झाल्याची तारीख दिलीत तर नोंदीचं मोल कितीतरी वाढतं. खात्री असण्याची गरज नाही, शंका पुरते. नाव गुप्त राहतं. नुकसानभरपाई मात्र इथून मिळत नाही, आणि तब्येतीवरचा उपाय तुमच्या डॉक्टरांकडेच.

आयुर्वेदिक औषधांना साइड इफेक्ट नसतो ना?

हा प्रश्न बहुधा प्रश्न नसतोच, विधान असतं. ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. सर्पगंधा घ्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात सर्पगंधेने बीपी उतरतं हे आकडेवारीनिशी मांडलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. बीपी उतरवणारी तीच मुळी नाक चोंदवते, गुंगी आणते, नाडी मंद करते.

अलीकडचं उदाहरण गुळवेलीचं. कोविडच्या काळात लोक काढ्याचे पेलेच्या पेले रिचवत होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण दिसले, सगळे गुळवेल घेणारे. त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: ती खरी गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल? हरकत रास्त होती. पुढे १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही यकृताची तीच इजा दिसली. आजीच्या हातचा काढा वाईट असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांनी 'कोणती औषधं चालू आहेत' विचारलं की काढा, चूर्ण, भस्म हेही त्या यादीत सांगायचं. लोक सांगत नाहीत, कारण ते 'औषध' वाटत नाही. लेन्झ यांना भेटलेल्या आया आठवा.

कोव्हिशील्डचा साइड इफेक्ट इतकी वर्षं लपवला, खरं ना?

नाही. पुण्यात बनलेली ही लस अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीचीच आवृत्ती. रक्तात गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी, ही अत्यंत दुर्मिळ जोडगोळी युरोपात मार्च २०२१ मध्येच लक्षात आली आणि ७ एप्रिल २०२१ ला युरोपीय औषध संस्थेने ती जाहीरपणे दुष्परिणामांच्या यादीत टाकली. २०२४ मध्ये बातमी झाली ती कंपनीने ब्रिटिश न्यायालयात दिलेल्या कबुलीची. हा त्रास लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतो, वर्षांनंतर नाही.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचा प्रश्न वेगळा, आणि तो पुन्हा त्या 'नेहमीच्या' घटनांचा. तिथे मोजणीच हवी. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ जणांचे अचानक मृत्यू त्याच भागातल्या, त्याच वयाच्या जिवंत लोकांशी ताडून पाहिले. लशीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. घरात अचानक मृत्यूचा इतिहास, कोविडसाठी दवाखान्यात दाखल होणं, बेसुमार दारू, अतिश्रमाचा व्यायाम यांचा संबंध दिसला.

साइड इफेक्ट सापडला की औषधावर बंदी येते?

क्वचित. बहुतेक वेळा इशारा छापला जातो, डोस कमी होतो किंवा वयाची अट येते. निमेसुलाइड २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला मनाई आहे, मोठ्यांना मिळतं. मधुमेहाचं पायोग्लिटाझोन जून २०१३ मध्ये थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात इशाऱ्यासह परत आणलं. थॅलिडोमाइडसुद्धा परत आलं. १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी झोप लागावी म्हणून ते एका कुष्ठरुग्णाला दिलं आणि त्याच्या अंगावरच्या वेदनादायी गाठी बसल्या. आज ते मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरही देतात, गरोदरपणाबाबत अत्यंत कडक बंधनं घालून.

एखादा साइड इफेक्ट चांगला निघतो का?

निघतो. बीपीच्या मिनॉक्सिडिलने अंगावर केस वाढले, आता ते टकलावर लावतात. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, छातीच्या दुखण्यासाठी तपासत होते. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं वाचून माझी चालू गोळी बंद करावीशी वाटते आहे.

करू नका. स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर साइड इफेक्टपेक्षा मोठं संकट ओढवतं. शंका असेल तर डॉक्टरांना फोन करा.

कळवायचं होतं, पण स्ट्रिप फेकून दिली. आता?

मेडिकलचं बिल शोधा, त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. बिलही नसेल तर दुकानदाराला तारीख सांगा, त्याच्या कॉम्प्युटरवर निघतं. आणि स्ट्रिपवर बॅच नंबर सहसा एकाच टोकाला असतो. चार गोळ्या कापून घ्याल तर ते टोक दुकानातच राहतं. तेव्हा बिल मागा, किंवा त्या टोकाचा मोबाइलवर फोटो काढा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, एवढंच.